फुलांच्या ताटव्यात उभी इंजिने

इंदूर शहरातून उज्जैनकडे जो रस्ता जातो त्यास सांवेर रोड म्हणतात. त्याच्या दुतर्फा आज कारखान्यांची दाटी झालेली आहे. हिवाळ्याच्या पहाटे या रस्त्याने गेले म्हणजे पत्र्याच्या छपरांवरून निघणारे पांढऱ्या वाफेचे झोत दिसतात. याच भागातील एका कारखान्यात आमचे चुलतबंधू बॉयलर सांभाळण्याचे काम करतात, आणि त्यांच्याच घरी आमचे वृद्ध काका राहतात. काकांचे वय आता ब्याऐंशी वर्षांचे आहे. त्यांना भेटावे, या एका हेतूने आम्ही बोरिवलीहून अवंतिका एक्स्प्रेसने इंदूरला गेलो. तेथून पुढे त्यांच्यासह थेट दिल्लीपर्यंत जाणे घडेल, आणि तेथील एका बागेत आमच्याच घराण्याचा एक हरवलेला अध्याय आम्हांस सापडेल, असे निघताना कोणास वाटले नव्हते.

वसईचा माणूस माळव्यात कसा गेला, असा प्रश्न वाचकांस पडेल. त्याचे उत्तर आगगाडीच्या इतिहासात आहे. १८७० साली इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर यांनी आपल्या राज्यात रेल्वे यावी म्हणून इंग्रज सरकारास एक कोटी रुपये, साडेचार टक्के व्याजाने आणि १०१ वर्षांच्या मुदतीने, कर्जाऊ दिले. त्या पैशांतून खांडव्याहून इंदूरकडे मीटर गेजचा, म्हणजे एक मीटर रुंदीचा, रूळमार्ग बांधण्यास प्रारंभ झाला. १८७४ साली तो सनावदपर्यंत पोहोचला, १८७६ साली नर्मदेवरील पूल वाहतुकीस खुला झाला, आणि विंध्याचा घाट चढून गाडी महू व इंदूर येथे आली. हीच होळकर स्टेट रेल्वे. पुढे ती राजपुताना–माळवा रेल्वेत सामील झाली, आणि १८८५ साली त्या रेल्वेची व्यवस्था बी. बी. ॲन्ड सी. आय. कंपनीकडे आली. आमच्या विरार-वसईवरून १८६७ सालापासून मुंबईस गाडी नेणारी कंपनी ती हीच. १९५१ साली या साऱ्यांची मिळून पश्चिम रेल्वे झाली. म्हणूनच १९६३ साली वसईच्या वाडीतला एक वीस वर्षांचा तरुण नोकरीच्या शोधात गेला तो महूच्या लोको शेडमध्ये क्लीनर म्हणून लागला. तेच आमचे काका. क्लीनरचा पुढे फायरमन झाला, फायरमनचा ड्रायव्हर झाला, आणि वाफेची इंजिने गेल्यावर डिझेल चालवून ते निवृत्त झाले.

एवढे सगळे आम्हांस ठाऊक होते. परंतु त्यापलीकडे काही नाही. काका कधी बोलत नसत. चुलतबंधूंच्या मनात तर याविषयी लहानपणापासूनचा एक सल होता. एके रात्री जेवणानंतर, काका झोपल्यावर, त्यांनी तो बोलून दाखविला. "बाबा आमच्या घरी असे नव्हतेच," ते म्हणाले. "नाताळ आला की बाबा गाडीवर; आजारपण आले की बाबा गाडीवर. १९७६ साली माझे प्रथम कम्युनियन झाले. पंधरा ऑगस्ट, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण. सगळ्या मुलांचे वडील देवळात पहिल्या बाकांवर. माझे बाबा नव्हते. मी रात्री जागता जागता पांढऱ्या कपड्यांतच झोपी गेलो."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने सुचविले की आजोबांना दिल्लीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय दाखवावे. काका प्रथम नाही म्हणाले. "लोखंडात काय पाहायचे? चाळीस वर्षे तेच पाहिले." परंतु नातीपुढे त्यांचे चालले नाही. उज्जैन व कोट्यावरून जाणाऱ्या रात्रीच्या गाडीने आम्ही चौघे निघालो.

हे संग्रहालय दिल्लीच्या चाणक्यपुरीत, परदेशी वकिलातींच्या शेजारात आहे. १९७१ साली राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली आणि १ फेब्रुवारी १९७७ रोजी ते जनतेसाठी खुले झाले. मायकेल सॅटो या इंग्रज गृहस्थांनी जुन्या इंजिनांचा ध्यास घेऊन देशभर शोध केला, त्याचे हे फळ होय. एक अष्टकोनी इमारत आहे खरी, पण तेथील खरी संपत्ती उघड्या आकाशाखाली आहे. सुमारे दहा-अकरा एकरांच्या आवारात हिरवळी, कापून नीट राखलेली कुंपणे आणि मोसमी फुलांचे ताटवे आहेत; आणि त्यांच्या मधून घातलेल्या रुळांच्या तुकड्यांवर इंजिने व डबे उभे आहेत. आम्ही गेलो तेव्हा झेंडू आणि शेवंती भरात होती. लहान मुलांची एक छोटी गाडी या सगळ्यांना वळसा घालून फिरते.

प्रथमदर्शनी मनात एक विचित्र भावना येते. ज्या यंत्रांनी आयुष्यभर धूर, राख आणि तेल यांखेरीज काही पाहिले नाही, ती आता न्हाऊमाखू घातलेल्या आजोबांसारखी फुलांत बसलेली असतात.

पहिल्यांदा आम्हांस ओढून घेतले ते माथेरानच्या इंजिनाने. आपल्या नेरळहून माथेरानला १९०७ साली सुरू झालेल्या गाडीचे हे छोटे इंजिन. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने स्वतःचा पैसा घालून तो दोन फूट रुंदीचा मार्ग बांधला. डोंगराच्या अरुंद वळणांवर इंजिनाची चाके अडू नयेत म्हणून त्यांच्या आसांना थोडे सरकण्याची मोकळीक ठेवलेली असे. परक्या शहरात गावचा माणूस भेटावा तसा आनंद झाला.

जवळच रामगोटी नावाचे इंजिन आहे. ते १८६२ साली पॅरिस येथे तयार झाले आणि बंगालमधील नलहाटी–अझीमगंज या चार फूट रुंदीच्या मार्गावर धावले. दुसरीकडे बंगाल-नागपूर रेल्वेचे १९३० च्या सुमारास मँचेस्टरला बांधलेले अजस्र गॅरेट इंजिन पाहून माणूस थबकतो. त्यास एकंदर चोवीस चाके असून मध्ये एक बॉयलर आणि पुढे-मागे चाकांचे दोन वेगळे संच आहेत. खनिजाच्या व कोळशाच्या जड गाड्या ओढण्यासाठी ते होते. त्याच्या सावलीत उभे राहिले म्हणजे आपण एखाद्या देवळाच्या भिंतीपाशी उभे आहोत असे वाटते.

सर्वांत नवलाची गोष्ट पतियाळा संस्थानच्या एकेरी रुळाच्या गाडीची. १९०७ साली सुरू झालेल्या या गाडीची मुख्य चाके एकाच रुळावर चालत आणि तोल सांभाळण्यासाठी बाजूला एक मोठे चाक साध्या रस्त्यावरून फिरे. आरंभी तिला खेचरे जुंपीत. पुढे बर्लिनच्या कारखान्यातून इंजिने आली. १९२७ च्या सुमारास मोटारींपुढे ती बंद पडली, आणि पस्तीस वर्षे विस्मृतीत पडून राहिल्यावर १९६२ साली सॅटो यांना तिचे अवशेष सापडले. राजेरजवाड्यांचे डबेही येथे आहेत. प्रिन्स ऑफ वेल्ससाठी १८७५ साली केलेला डबा आहे. म्हैसूरच्या महाराजांचा सागवानी, सोन्याची व हस्तिदंताची नक्षी असलेला डबा आहे. लोक तेथे गर्दी करतात. काकांनी काचेतून आत एकवार पाहिले आणि म्हणाले, "गादी चांगली आहे. पण हिला ओढणाऱ्याचे नाव कोठे लिहिले आहे का?" नातीने पाटी वाचून पाहिली. नव्हते.

तेथून पुढे गेलो आणि एका लहानशा, साध्या इंजिनापाशी काका थांबले. त्याला ना राजाचे नाव, ना अवाढव्य आकार. पाटीवर लिहिले होते: एफ ७३४, मीटर गेज, अजमेर, १८९५. भारतात बांधले गेलेले पहिले वाफेचे इंजिन म्हणून ते ओळखले जाते. तोपर्यंत आपल्याकडील इंजिने विलायतेहून जहाजाने येत. हे मात्र अजमेरच्या कारखान्यात आपल्या कारागिरांच्या हातांनी उभे राहिले. आणि ते ज्या रेल्वेसाठी बांधले ती होती राजपुताना–माळवा रेल्वे. म्हणजे महूची, इंदूरची, काकांच्या घाटाची.

काकांनी चष्मा काढून पुसला. "आमच्या घरचे," एवढेच ते म्हणाले, आणि चाकाच्या दांडीवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. मग आपणहून बोलू लागले. आम्ही हिरवळीच्या कडेला बसलो आणि ते उभेच राहिले.

"तुम्हांला वाटते, फायरमन म्हणजे कोळसा टाकणारा. तसे नव्हे. कोळसा टाकायला कोणीही टाकील. आग पातळ आणि सारखी पसरली पाहिजे. एका जागी ढीग झाला की वारा अडतो, धूर काळा होतो आणि वाफ बसते. भट्टीतली जळती हवा पाण्यामधल्या नळ्यांतून पुढे जाते, पाण्याची वाफ होते, ती वाफ दट्ट्या ढकलते आणि दट्ट्या चाक फिरवतो. काम केलेली वाफ धुराड्यातून भसाभस बाहेर पडते आणि जाता जाता भट्टीतली हवा ओढते. म्हणून इंजिन जितके कष्ट करील तितकी आग भडकते. घाटात ती खाऊ मागते, आणि तुम्हांला द्यावेच लागते."

एवढे बोलून त्यांनी आपल्या हातातील काठी फावड्यासारखी धरली. ब्याऐंशी वर्षांचा तो वाकलेला देह एका क्षणात निराळा झाला. उजवा पाय मागे, डावा पुढे, कमरेतून वळणे, मनगटाचा एक झटका. "डावा कोपरा, उजवा कोपरा, मागची बाजू, मग मधोमध. दार उघडे ठेवायचे नाही. थंड हवा शिरते. आणि एक डोळा सदैव काचेच्या नळीवर. नळीत पाणी दिसलेच पाहिजे. भट्टीच्या छतावरचे पाणी उतरले तर इंजिनही गेले आणि आपणही." बागेत फिरणारी दहा-बारा मुले भोवती जमली होती. काकांना त्याचे भान नव्हते.

ते कालाकुंडहून पातालपानीच्या चढावर बोलत होते. तेथे दर चाळीस फुटांस एक फूट असा चढ आहे. गाडीस पुढे एक व मागे एक अशी दोन इंजिने लावावी लागत. बोगद्यात धूर कोंडे. ओले फडके तोंडास बांधून खाली बसावे लागे. पातालपानीजवळ तंट्या भिल्लाचे ठाणे आहे. इंग्रज सरकारविरुद्ध झगडलेल्या या वीरास १८८९ साली जबलपूर येथे फाशी झाली; तेथील लोक त्यास मामा म्हणतात. तेथे गाडी क्षणभर थांबे. "ड्रायव्हर नारळ वाढवी, मी क्रूसाची खूण करी, आणि दोघे मिळून पुढे निघू," काका म्हणाले.

मग ते थोडे थांबले आणि मुलाकडे न पाहता म्हणाले, "१९७६ चा पंधरा ऑगस्ट. मी सकाळी सुटणार होतो. रात्रभर पाऊस. कालाकुंडच्या वर मालगाडी अडली. रूळ ओले, चाके जागच्या जागी फिरत होती. इंजिनातली वाळू भिजून बसली, नळीतून पडेना. तेव्हा मी खाली उतरलो आणि इंजिनापुढे चालत चालत दोन्ही रुळांवर हाताने वाळू टाकत गेलो. एक पाऊल मी, एक पाऊल गाडी. मागे दुसऱ्या गाडीत बायकापोरे खोळंबलेली. वर पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. बदलीचा माणूस आला नव्हता, म्हणून पुन्हा खाली गेलो. घरी आलो तर तू पांढऱ्या कपड्यांत झोपला होतास. माझे हात काळे होते. कपड्यांना डाग पडेल म्हणून मी तुला उचलले नाही. उंबरठ्यात बसून पाहत राहिलो."

कोणी काही बोलले नाही. मुलांची छोटी गाडी शिट्टी देऊन आमच्यामागून गेली.

आता पुढे जे घडले ते आम्हांस विशेष वाटते. चुलतबंधू उठले आणि वडिलांचा हात धरून त्यांना पलीकडच्या एका विचित्र इंजिनाकडे घेऊन गेले. त्यास बॉयलरच्या जागी नुसती एक मोठी टाकी आहे. भट्टी नाही, कोळशाची जागा नाही. काका गोंधळले. "याची आग कोठे आहे?" त्यांनी विचारले. "आग नाहीच," मुलगा म्हणाला. "हे माझ्यासारख्याचे इंजिन आहे, बाबा." आणि ते समजावून सांगू लागले. जेथे एका ठिणगीनेही अनर्थ होईल अशा कारखान्यांच्या आवारात हे चाले. कारखान्याच्या बॉयलरमधून या टाकीत दाबाखालची वाफ व उकळते पाणी भरीत. इंजिन वाफ खर्च करू लागले की टाकीतला दाब उतरतो, आणि दाब उतरला की ते तापलेले पाणी आपोआप पुन्हा उकळून नवी वाफ देते. काही तास ते असे फिरते आणि पुन्हा भरून घेण्यास येते. "म्हणजे आग दुसऱ्याच्या घरी, आणि काम येथे," काका म्हणाले. मग थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "तुझ्या बॉयलरला पाण्याची नळी असते का रे?" "असते, बाबा. काचेचीच. माझाही एक डोळा तिच्यावरच असतो."

तीस वर्षे एका छपराखाली राहिलेल्या या बापलेकांस आपण एकाच विद्येचे उपासक आहोत हे त्या दिवशी प्रथम कळले. एकाने वाफेने गाडी ओढली, दुसरा वाफेने औषधाची भुकटी सुकवितो. वाफेचे युग संपले असे आपण म्हणतो. पण सांवेर रोडच्या छपरांवरून पहाटे निघणारे झोत वेगळेच सांगतात. इंजिने तेवढी बागेत आली. वाफ अजून नोकरीवर आहे.

निघताना काकांनी तेथील एका सेवकास विचारले, "यांपैकी एखादे अजून पेटते का?" त्याने रेवाडीचे नाव सांगितले. दिल्लीपासून सुमारे ऐंशी किलोमीटरवर असलेल्या त्या गावी १८९३ साली बांधलेली लोको शेड जतन केलेली असून तेथे काही जुनी इंजिने चालत्या स्थितीत ठेवली आहेत. १८५५ साली लीड्स येथे बांधलेली प्रसिद्ध 'फेअरी क्वीन' ही त्या शेडशी जोडलेली आहे. नातीने लगेच वहीत नाव टिपून घेतले. काकांच्या प्रकृतीस मानवले तर पुढील हिवाळ्यात तेथे जाण्याचा बेत आहे.

परतीच्या गाडीत आम्ही विचार करीत होतो. लोखंड जतन करणे सोपे नाही. त्यास रंग द्यावा लागतो, गंजापासून जपावे लागते, पैसा लागतो. ज्यांनी ते केले त्यांचे उपकारच मानले पाहिजेत. तुकोजीरावांच्या त्या मार्गावरील पातालपानी–कालाकुंडचा घाटही आता वारसा म्हणून जपला जात आहे. २०१८ सालापासून प्रवाशांसाठी तेथे खास गाडी सुरू झाली, ही आनंदाची गोष्ट होय. तथापि इंजिनाची पाटी आपल्याला कारखाना, वर्ष आणि वजन एवढेच सांगू शकते. त्याच्या भट्टीपुढे कोण उभा होता, कोणता सण त्याने चुकविला, रुळांवर हाताने वाळू कोणी टाकली, हे पाटीवर लिहिता येत नाही. ते केवळ माणसाच्या ओठांवर असते, आणि माणूस गेला की त्याच्यासंगे जाते. त्याला कोठलेही संग्रहालय नाही. असेलच तर ते आपले घर.

वाचकहो, आपल्या गावांतून रेल्वेत, गोदीत, गिरणीत आणि जहाजांवर गेलेली किती माणसे आज ओटीवर मुकाट्याने बसलेली आहेत! आपण त्यांना औषध देतो, जेवण वाढतो. त्यांचे काम काय होते हे मात्र विचारत नाही. त्यांना एकदा त्यांच्या यंत्रापुढे, त्यांच्या बंदरात, नाहीतर नुसत्या एखाद्या जुन्या छायाचित्रापुढे उभे करावे आणि थोडा वेळ आपण गप्प बसावे. पुढचे ते सांगतील.

आम्ही इंदूरहून निघालो त्या पहाटे चुलतबंधू पहिल्या पाळीस जात होते. काका काठी घेऊन दारापर्यंत आले. "पाण्यावर लक्ष ठेव," ते म्हणाले. मुलाने मान डोलावली, वाकून त्यांच्या हाताचे चुंबन घेतले, आणि सांवेर रोडच्या धुक्यात निघून गेला.